मुंबईचा वाद्यवृंद

गणपतीच्या दिवसांत मांडवात ऑर्केस्ट्रा येतो. दोन गाणारे, एक ढोलकीवाला, एक गिटारवाला, एक पेटीसारखे विजेचे वाद्य वाजवणारा. सिनेमाची गाणी होतात, पोरे नाचतात, रात्री बारापर्यंत मजा चालते. 'ऑर्केस्ट्रा' हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला तो असा. पण या शब्दाचा मूळ अर्थ जरा निराळा आहे. ऑर्केस्ट्रा म्हणजे वाद्यवृंद. वृंद म्हणजे समूह. पुष्कळ वाद्यांचा मिळून एक समूह.

मोठ्या शहराचा वाद्यवृंद असतो त्यात ऐंशी ते शंभर माणसे असतात. त्याला सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणतात. सिम्फनी ही एक मोठी रचना असते. बहुधा तिचे चार भाग असतात आणि ती वाजवायला अर्धा तास, कधी तासभरही लागतो. तिच्यात सहसा गाणारा नसतो. सारे काही वाद्येच सांगतात.

आता शंभर माणसे बसतात कशी ते पाहू. सर्वांत पुढे तारांची वाद्ये. लहान ते व्हायोलिन. त्याहून थोडे मोठे व्हिओला. त्याहून मोठे चेलो, ते गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. सर्वांत मोठे डबल बास, ते माणसाहून उंच असते. त्यांच्या मागे फुंकायची वाद्ये. बासरी आणि सनई आपल्या ओळखीच्या आहेत, त्यांच्याच जातीची. त्यांच्या मागे पितळी वाद्ये, ती लग्नाच्या बँडमध्ये तुम्ही पाहिली आहेत. आणि अगदी मागे नगारे. समोर एक माणूस उभा असतो. त्याच्या हातात बारीक काठी. तो काहीच वाजवत नाही! पण त्याच्या हाताकडे पाहून शंभर माणसे वाजवतात. त्याला संचालक म्हणायचे.

आपल्या भजनी मंडळात वीस माणसे गातात, पण चाल एकच असते. सारे मिळून तीच चाल गातात. वाद्यवृंदाचे तसे नाही. घर बांधताना गवंडी भिंत रचतो, सुतार चौकट बसवतो, बिगारी माल कालवतो. कामे निराळी, वेळ एक, घर एक. तसे तिथे व्हायोलिन एक चाल वाजवते, त्याच वेळी चेलो दुसरी, पितळी शिंग तिसरी. आणि ऐकणाऱ्याला ते सारे मिळून एक वाटते.

हे जमते कसे? शंभर जणांनी शंभर निराळ्या चाली तोंडपाठ करायच्या म्हटल्या तर वर्ष जाईल. म्हणून सारे लिहिलेले असते. कागदावर आडव्या पाच रेघा ओढतात. रेघांवर आणि रेघांमध्ये टिंबे मांडतात. टिंब जितके वर, तितका सूर उंच. टिंबाच्या आकारावरून तो सूर किती वेळ धरायचा ते कळते. ही सुरांची लिपी. आपण 'क' पाहिला की तोंडाने क म्हणतो. वादक टिंब पाहतो आणि हाताने सूर काढतो. ज्याला ही लिपी वाचता येते त्याला वाद्यवृंदात जागा मिळते. ज्याला येत नाही तो कितीही गुणी असो, त्याला तिथे बसणे अवघड. मुंबईच्या वाद्यवृंदाची कहाणी या एका गोष्टीभोवती फिरते.

मुंबईत ही लिपी वाचणारी माणसे आली कुठून? पुष्कळशी आली गोव्याच्या खेड्यांतून. गोव्यावर १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगिजांचे राज्य होते. तिथे गावोगाव चर्चला जोडून शाळा असे. शेतकऱ्याची, रेंदेराची, सुताराची पोरे तिथे जात. प्रार्थनेबरोबर मुलांना सुरांची लिपी आणि व्हायोलिन शिकवीत. शिकवणाऱ्या मास्तरांना 'मेस्त' म्हणत. हे शिक्षण देवाच्या सेवेसाठी होते. पण गावात शेती थोडी आणि तोंडे फार. पोर मोठे झाले की व्हायोलिन काखेत मारून मुंबईला येई. धोबीतलाव, गिरगाव भागात गोव्याच्या गावांच्या 'कूड' होत्या. कूड म्हणजे गावाने मिळून घेतलेली बिऱ्हाडाची जागा. कोकणातले चाकरमानी गावाच्या खोलीवर उतरत, तसेच हे. पोर कूडमध्ये पथारी टाकी आणि काम शोधू लागे.

उपनगरांतही वाद्ये होतीच. मरोळ, आंबोली, गोराई या जुन्या गावांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती राहतात. ते मूळचे इथलेच. घरात मराठी बोलतात. त्यांच्या लग्नात पितळी बँड हवाच, आजही.

मुंबईत पहिला नावाजलेला सिम्फनी वाद्यवृंद उभा केला तो मेहली मेहता या पारशी गृहस्थांनी. साल १९३५. मेहता स्वतः व्हायोलिन वाजवीत. मोठमोठ्या विलायती वादकांच्या तबकड्या ग्रामोफोनवर पुन्हा पुन्हा ऐकून त्यांनी आपला हात घडवला. त्यांनी माणसे कुठून कुठून गोळा केली! हौशी पारशी, गोव्याचे वादक, नौदलाच्या बँडमधले शिंगवाले. धर्म निराळे, भाषा निराळ्या. कागदावरची टिंबे मात्र सर्वांना सारखीच वाचता येत होती. कार्यक्रम कावसजी जहांगीर हॉलमध्ये होत. १९५२ साली यहुदी मेनुहिन हे जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक भारतात आले. त्यांच्या कार्यक्रमांचे उत्पन्न दुष्काळात सापडलेल्या लोकांसाठी गेले. ज्यांनी व्हायोलिन कधी पाहिलेही नव्हते त्यांच्या ताटात त्या व्हायोलिनने भाकर घातली.

मेहली मेहतांचा मुलगा झुबिन. त्याचा जन्म १९३६ चा, म्हणजे वाद्यवृंदाहून एका वर्षाने धाकटा. घरात तालमी चालत आणि हा ऐकत बसे. १९५४ साली तो युरोपात व्हिएन्ना शहरी शिकायला गेला. पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, इस्राएल इथल्या वाद्यवृंदांचा तो संचालक झाला. मुंबईचा मुलगा जगातल्या मोठ्या वाद्यवृंदांपुढे काठी घेऊन उभा राहिला. पण १९५५ साली मेहलीही परदेशी गेले, आणि त्यांनी जुळवलेला संच मुंबईत टिकला नाही. याचे कारण साधे आहे. शंभर माणसांचा पगार नुसत्या तिकिटांच्या पैशात कुठेच भागत नाही. त्याला सरकारचा, नगरपालिकेचा नाहीतर दानशूर माणसांचा आधार लागतो. मुंबईत तो तेव्हा नव्हता.

मग लिपी वाचणारी ती माणसे कुठे गेली? सिनेमात. आणि सिनेमा होता उपनगरांत. मालाडला १९३४ साली बॉम्बे टॉकीज निघाली. तिथे संगीत देत असत सरस्वतीदेवी. या पारशी बाई, खरे नाव खुर्शीद. त्या काळी नट स्वतःच गात, आणि वाजवणारे कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे आडोशाला बसत. पुढे गाणे आधी मुद्रित करून घेण्याची रीत आली. मग वाजवणारे वाढत गेले. पाचाचे पन्नास झाले.

काम चाले ते असे. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी. शेजारी गोव्याचा एक माणूस कागद घेऊन बसे. तो चाल पाच रेघांवर उतरवी आणि कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचे ते ठरवी. त्याला अरेंजर म्हणत. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबास्टियन डिसोझा होते. आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र, त्यांच्याकडे चिक चॉकलेट नावाचे शिंगवाले होते. हे त्यांचे टोपणनाव, बरे का. मग प्रत्येक वादकाच्या पुढे त्याचा त्याचा कागद येई. वाचायचे आणि वाजवायचे. त्या वेळी सारे एकदमच मुद्रित होत असे. मागच्या रांगेतला एक व्हायोलिनवाला चुकला की गाणे पहिल्यापासून. सतार, सारंगी वाजवणारे उस्तादही तिथेच बसत. पाच रेघांची ही लिपी त्यांच्या परंपरेतली नव्हती. ते चाल ऐकत आणि ध्यानात ठेवत. दोन्ही विद्या खऱ्याच. पण पन्नास माणसांचा मेळ एका दिवसात बसवायचा तर कागद लागतोच.

या माणसांची नावे पडद्यावर क्वचितच येत. देशभर लोक गाणी गुणगुणत होते आणि व्हायोलिन कोणी वाजवले ते कोणालाच ठाऊक नव्हते. मला तर हा मोठा अन्याय वाटतो.

त्यांच्यातच एक होते अँथनी गोन्साल्विस. गोव्यातल्या माजोर्डा गावचे, जन्म १९२७ चा. वडील चर्चमध्ये संगीत शिकवीत. अँथनी मुंबईत आले आणि सिनेमात व्हायोलिन वाजवू लागले. घरी मुलांना शिकवीतही. पण त्यांच्या मनात निराळेच होते. हा एवढा मोठा वृंद आपले राग का वाजवत नाही? १९५८ साली त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. वादक ११०. जागा सेंट झेवियर्स कॉलेजचे आवार. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. हिंदुस्थानी रागांतल्या चाली पाच रेघांवर लिहून त्यांनी वाजवून घेतल्या. कौतुक झाले, पण आधार कोणी दिला नाही, आणि हा वृंदही विरला. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेत अभ्यासाला गेले. पुढे ते गावी परतले आणि २०१२ साली वारले. त्यांचे नाव मात्र राहिले. त्यांचे शिष्य प्यारेलाल. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' सिनेमा आला. त्यातल्या गाण्यात नायक आपले नाव अँथनी गोन्साल्विस सांगतो. प्यारेलालांनी गुरूला केलेला तो नमस्कार होता. लाखो लोक त्या गाण्यावर नाचले. ते नाव कोणाचे, हे थोड्यांनाच माहीत होते.

१९८० नंतर विजेची वाद्ये आली. एक माणूस एका पट्टीवर व्हायोलिनचा, बासरीचा, शिंगाचा आवाज काढू लागला. निर्मात्याचे पैसे वाचले. चाळीस व्हायोलिनवाल्यांचे काम गेले. ज्यांनी आयुष्यभर सूर वाचले त्यांना कोणी कागद देईना. त्यांची मुले दुसऱ्या धंद्यांना लागली. शिकवणारे थकले, शिकणारे राहिले नाहीत.

हौशी मंडळींनी मात्र धागा तोडू दिला नाही. १९६२ साली जिनी दिनशॉ या बाईंनी बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा काढला. हा छोटा वृंद. १९९५ साली मेहली मेहतांच्या नावाची संस्था मुंबईत निघाली. ती मुलांना संगीत शिकवते.

मग २००६ साली नरिमन पॉइंटच्या एन.सी.पी.ए. या कलासंस्थेत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी तो उभारला. पगारी वादकांचा असा वाद्यवृंद देशात पहिलाच. पण मोठी अडचण आली. एवढ्या तयारीचे वादक देशात पुरेसे मिळेनात. म्हणून बरेचसे वादक कझाकस्तानातून आणि इतर देशांतून बोलवावे लागले. नाव भारताचे आणि वाजवणारे परके, अशी टीका झाली. टीका खोटी नव्हती. पण विहीर आटली तर पाणी दुसरीकडून आणावेच लागते, आणि मग विहीर खणावी लागते. २०१२ साली त्यांनी त्यासाठी शाळा काढली. तिथे लहान मुले वाद्य शिकतात आणि त्याबरोबर सुरांची लिपीही शिकतात.

२०१५ साली याच वाद्यवृंदाबरोबर झाकीर हुसेन यांनी तबला वाजवला. रचना त्यांचीच, नाव 'पेशकार'. तबलजी मनाने वाजवतो आणि वाद्यवृंद कागद पाहून. त्या दिवशी दोघे एका रंगमंचावर बसले. झाकीर हुसेन २०२४ साली वारले.

एक अडचण अजून आहे. वाद्यवृंद मुंबईच्या दक्षिण टोकाला आणि वस्ती उत्तरेला. अंधेरीहून चर्चगेट २२ किलोमीटर, बोरिवलीहून ३४. मुलुंड, घाटकोपरच्या माणसाला तर गाडी बदलावी लागते किंवा व्ही.टी.ला उतरून पुढे बस धरावी लागते. कार्यक्रम संध्याकाळी. दिवसभर काम केलेला माणूस एवढे करून जाईल कसा? ज्या उपनगरांनी वादकांना काम दिले तिथल्या लोकांना तेच संगीत ऐकायला गाव ओलांडून जावे लागते.

तरी कधी मुंबईला नातेवाइकांकडे गेलात आणि योग आला, तर जरूर जा. थोडे लवकर जाऊन बसा. सुरुवातीला सनईसारखे एक वाद्य एकच लांब सूर धरील. मग सारे त्याच्याशी आपले वाद्य जुळवतील. तेवढेही ऐकण्यासारखे असते. एक भाग संपला की मध्ये शांतता होते. तेव्हा टाळ्या वाजवायच्या नाहीत. चारही भाग होईपर्यंत थांबायचे. संचालक काठी खाली ठेवून लोकांकडे वळला की समजा, आता टाळ्या.