वाडी रिकामी का होती?

अभ्यासलेख : कातकरी बांधवांची ओळख



काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या थंडीत, आपल्या मंडळीने जमवलेली चाळीस कांबळी घेऊन मी खेड तालुक्यातील एका कातकरी वाडीवर गेले. झोपड्यांची दारे बंद, चुली थंड. अंगणात दोन म्हाताऱ्या ऊन खात बसलेल्या.

“माणसं कुठं गेली, आजी?”

“बाय, दिवाली झाली का वाडी भट्टीवर जाते. तू आधी यायचं होतंस.”

दोन कांबळी देऊन अडतीस परत आणली. ज्यांना द्यायला निघालो, त्यांचे वर्ष कसे चालते हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलेच नव्हते. हा अभ्यास त्यासाठी.

१. नाव आणि झाड

विड्यात घालतात तो कात करणारे ते कातकरी. खैराच्या लाकडाच्या गाभ्याचे तुकडे मडक्यात उकळायचे, तो काढा आटवायचा आणि थंड झाल्यावर वड्या पाडायच्या, हे त्यांचे पिढीजात काम. कामाला लागण्याआधी एक झाड निवडून त्याला शेंदूर लावीत, नारळ देत आणि मगच कुऱ्हाड उचलीत. झाडाकडून घ्यायचे तर आधी त्याच्यापुढे वाकायचे, अशी ती रीत.

१८७८ च्या वन कायद्यानंतर सरकारी जंगल त्यांना बंद होत गेले. रत्नागिरी जिल्ह्यात तर बहुतेक डोंगर खाजगी मालकीचे. चिपळूणजवळ सावर्डे परिसरात आजही काताचे कारखाने आहेत. कातकऱ्यांच्या हाती मात्र नावच उरले.

२. कातकऱ्यांचे वर्ष

पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे लागतात, मुठे निघतात. मग शेवळा, टाकळा, भारंगी या रानभाज्या. पुढे जमिनीतले कंद. कडू करांदा राखेच्या पाण्यात उकळून, धुऊन खाण्याजोगा कसा करायचा, हे आजीकडून नातीकडे येते. कोणता कंद घ्यायचा आणि पुढच्या वर्षासाठी कोणता ठेवायचा, हेही.

पण रानावर वर्ष निघत नाही. पावसाळ्यात घरातले धान्य संपते तेव्हा भट्टीचा ठेकेदार उचल देतो. ती फेडायला दिवाळीनंतर अख्खे कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जाते. मुलांची शाळा तिथेच सुटते. शिमग्याला जमेल ते येतात. बाकीचे पावसाच्या तोंडावर.

३. पायाखालची जागा

कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गट मानले जातात. २००६ चा वनहक्क कायदा वनजमिनीला लागू होतो. आपल्याकडच्या अनेक वाड्या मात्र दुसऱ्याच्या खाजगी जागेत आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत पक्की घरे आहेत, पण घर उभे करायला आधी जागा लागते. तीन पिढ्या राहूनही मालकाने ‘उठा’ म्हटले तर काय, ही धास्ती वाडीत कायम असते. म्हणून जातीचा दाखला, आधार आणि घराखालच्या जागेची नोंद या कामी सोबत जाणे ही कांबळ्याइतकीच गरजेची मदत आहे.

आता आम्ही भातकापणीच्या आधी जातो. आधी बसतो, विचारतो. गाठोडे मागाहून सोडतो. गेल्या खेपेला त्याच आजीने आम्हाला उकडलेले करांदे दिले. मी ते घेतले. तोवर आपणच देणारे आहोत, असे मला वाटत होते.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या गावाजवळची कातकरी वाडी कोणाच्या जागेत आहे?
२. वाडीतील मुले दिवाळीनंतर कुठे असतात? मागे राहणाऱ्या आजी-आजोबांकडे ती राहू शकली, तर त्यांच्या जेवणाची सोय आपण करू शकू का?
३. वाडीकडून आपण काय शिकलो? एक गोष्ट सांगा.