धूर आणि लहान मुलांचा श्वास



थंडीच्या दिवसांत पहिल्या तासाला वर्गांत जो खोकला ऐकूं येतो, त्याचा दोष आपण बहुधा गारठ्यास देतों. परंतु अंबडसारख्या गांवीं चुलींतील पऱ्हाट्या, शेतांत पेटविलेलें उसाचें पाचट व रस्त्यावरील धूळ यांचाही त्यांत वाटा असतो. थंडींत जमिनीलगतची हवा गार व जड होऊन स्थिर राहते. मग धूर वर न जातां गांवावरच पसरतो.

नाकांतील केस जाडी धूळ अडवितात. तिच्याहून बारीक धूळ श्वासनलिकेचें चिकट अस्तर धरून ठेवतें. धुरांतील कित्येक कण मात्र २.५ मायक्रॉनांहूनही लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहून बारीक असतात. ते थेट वायुकोशांपर्यंत पोंचून तेथें दाह उत्पन्न करितात.

मुलांस हें अधिक कां बाधावें? थोडें गणित करूं. तान्ह्या मुलाची श्वासनलिका ४ मिलिमीटर व्यासाची धरा व प्रौढाची ८. दोहोंच्या अस्तरास सर्व बाजूंनीं १ मिलिमीटर सूज आली, तर प्रौढाचा सोळांतून नऊ हिस्से मार्ग मोकळा राहतो. मुलाचा चारांतून एकच! सूज तीच, पण एकास खोकला येतो व दुसऱ्याचा जीव कासावीस होतो. शिवाय मूल मोठ्या माणसाहून जलद श्वास घेतें, व त्याचीं फुप्फुसें अद्याप वाढावयाचीं असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०१६ सालीं दूषित हवेपासून उद्भवलेल्या श्वसनरोगांनीं जगांतील पंधरा वर्षांखालील सुमारें ६ लक्ष मुलें दगावलीं. आपल्या जिल्ह्याचें ठिकाण जालना, जेथें पोलादाच्या भट्ट्या आहेत, तेंही २०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादींत आहे. पण शहराकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाहीं. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनें गॅस घरोघरीं आला, तरी पुष्कळ घरीं चहा गॅसवर व भाकरी चुलीवरच होते. चुलीवरील भाकरीची चव मलाही प्रिय आहे, हें कबूल करतों. मात्र ती थापणाऱ्या आईच्या मांडीवर तान्हें मूल असूं नये, जळण वाळलेलें असावें, व धुरास वर वाट असावी.

पालकांनीं एक गोष्ट अवश्य ध्यानीं ठेवावी. खोकला असतां एक ते पांच वर्षांचें मूल स्वस्थ असूनही मिनिटास ४० किंवा अधिक, व दोन महिन्यांवरील पण वर्षाच्या आंतील मूल ५० किंवा अधिक श्वास घेऊं लागलें, अथवा श्वासागणिक त्याच्या बरगड्यांखालील भाग आंत ओढला जाऊं लागला, तर ओव्याचा शेक देत न बसतां तत्काळ दवाखाना गांठावा. हे श्वास मोजावयास घड्याळाखेरीज कांहीं लागत नाहीं. आठवीच्या मुलामुलींनीं धाकटें भावंड निजलें असतां पूर्ण एक मिनिट मोजून पाहावें, व आंकडा वहींत लिहून आणावा.