जुन्या नकाशांच्या संगणकीय प्रती आणि त्यांतील बारकावे

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावास तो २०१२ साली मिळाला. तेव्हापासून या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभांनी जुन्या कागदपत्रांचा शोध घेतला आहे. वनहक्क नियमांत पुरावा म्हणून जे कागद ग्राह्य धरले आहेत, त्यांत गॅझेटिअर, जमाबंदीचे अहवाल, हक्कनोंदी, वनविभागाच्या कार्य आयोजना आणि नकाशे यांचा समावेश आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. साहजिकच तेथील गावांचे त्यापूर्वीचे कागद चांदा अथवा चंद्रपूर जिल्ह्याच्या नावाने सापडतात. ते बहुधा जीर्ण असतात आणि हाती येते ती त्यांची पीडीएफ स्वरूपातील संगणकीय प्रत.

पुढील काम ग्रामपंचायतीत किंवा शाळेच्या संगणकावर होते. ही प्रत फोटोशॉप किंवा जिम्पसारख्या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, पिवळे डाग पुसतात, गावाची शीव रंगाने ठळक करतात आणि छापून दाव्यास जोडतात. छापील प्रतीत मात्र भूमापन क्रमांक फुटलेले, नाल्याची रेघ शिवेच्या रेघेत मिसळलेली, असे दिसून येते. दोष स्कॅनिंग यंत्रास दिला जातो. पुष्कळदा तो यंत्राचा नसून फाइल उघडण्याच्या क्षणी घडलेला असतो.

असे का होते? पीडीएफ ही मुळात एक पाने बांधलेली वही होय. स्कॅन केलेले चित्र त्या पानावर चिकटवलेले असते आणि त्याचे बिंदू, म्हणजे पिक्सेल, ठरलेले असतात. संपादनाचे सॉफ्टवेअर पान उघडते तेव्हा ते चित्र जसेच्या तसे उचलत नाही. संपूर्ण पान नव्याने रेखाटते. एका इंचात किती बिंदू रेखाटावयाचे, हे ते उघडतानाच एका छोट्या चौकटीत विचारते. या संख्येला विभेदन म्हणतात. जिम्पच्या जुन्या आवृत्त्यांत तेथे आधीच १०० हा आकडा भरलेला असे. घाईत आपण न वाचता ‘ठीक’ दाबतो. मूळ चित्र इंचाला ३०० बिंदूंचे असेल, तर नऊपैकी आठ बिंदू तेथेच गळतात, कारण घट लांबीत आणि रुंदीत अशी दोन्हीकडे होते.

नकाशाच्या बाबतीत याचा अर्थ जमिनीवर मोजता येतो. जुन्या मध्य प्रांतातील गाव नकाशे एका मैलास १६ इंच, म्हणजे १ : ३९६० या प्रमाणाचे होते. इंचाला ३०० बिंदू असल्यास एक बिंदू जमिनीवरील सुमारे ३४ सेंटिमीटर दाखवतो. १०० असल्यास एक मीटरहून थोडा अधिक. शिवेपेक्षाही मोठी अडचण आकड्यांची. दोन मिलिमीटर उंचीच्या आकड्यास पहिल्या प्रतीत सुमारे २४ बिंदूंची उंची मिळते, दुसरीत जेमतेम आठ. आठ बिंदूंत हस्तलिखित १ आणि ९ वेगळे ओळखणे कठीण आहे, आणि भूमापन क्रमांक चुकला की दावा शेजारच्या जमिनीवर जातो.

म्हणून सरसकट ३०० भरावे काय? तसे करणेही बरोबर नाही. मूळ चित्राची रुंदी बिंदूंत पाहावी आणि तिला पीडीएफच्या पानाच्या इंचांतील रुंदीने भागावे. चित्र ६,००० बिंदू रुंद आणि पान २० इंच असेल, तर उत्तर ३०० येते. परंतु काही वेळा मोठा नकाशा ए-४ आकाराच्या पानात बसवून दिलेला असतो. ते पान ८.२७ इंच रुंद असते. चित्र तेच असल्यास संख्या सुमारे ७२५ भरावी लागते. तेथे ३०० भरणाऱ्याने काळजी घेऊनही निम्म्याहून अधिक बारकावा गमावलेला असतो. उलट, मूळ ३०० असता ६०० भरल्याने नवे काही दिसत नाही. बिंदू मात्र चौपट होतात आणि जुना संगणक अडखळतो.

फोटोशॉपमध्ये उघडताना पानाऐवजी प्रतिमा हा पर्याय निवडल्यास चित्र आपल्या मूळ बिंदूंसह येते आणि हा हिशेबच टळतो. संगणकावरच तयार झालेले नवे नकाशे निराळे. त्यांतील रेघा बिंदूंच्या नसतात, त्यामुळे शक्यतो त्यांचे चित्रात रूपांतर करूच नये.

पुढे कागदाचा आकार बदलताना ‘रिसॅम्पल’ची खूण काढावी, मग बिंदू तेवढेच राहतात. काम चालू असताना फाइल टिफ किंवा पीएनजी स्वरूपात ठेवावी, कारण जेपीईजी प्रत्येक वेळी जतन करताना थोडी झिजते. तालुक्याला व्हॉट्सॲपवरून पाठवायची असल्यास छायाचित्र म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून पाठवावी. मूळ पीडीएफला हात लावू नये.

शेवटी नकाशाच्या सर्वांत दाट कोपऱ्यातील चार क्रमांक निवडून मूळ पीडीएफ आणि नवी प्रत पडद्यावर शेजारी शेजारी मोठी करून पाहावी. नव्या प्रतीतच ते पुसट असतील, तर फाइल पुन्हा उघडावी. मूळ पीडीएफमध्येही पुसट असतील, तर संगणकाचा इलाज चालत नाही. अभिलेख कक्षातील मूळ कागद इंचाला किमान ३०० बिंदूंनी पुन्हा स्कॅन करून मिळावा, असा लेखी अर्ज ग्रामसभेने करावा आणि त्यात नकाशाचे पान लहान करू नये, हेही नमूद करावे.