गोचीड तापाचे इंजेक्शन सगळ्याच गाईंना द्यावे का?

प्रश्न : माझ्या एका संकरित गाईला गोचीड ताप झाला होता. डॉक्टरांनी ब्युपार्व्हाक्वोनचे इंजेक्शन दिले आणि ती वाचली. बाकीच्या गाईंनाही तेच टोचले तर गोचीड मरतील, ताप येणार नाही, असे शेजारी म्हणतात. टोचावे का?
— एक पशुपालक, संगमनेर तालुका

उत्तर : गाय वेळेवर वाचली, फार बरे वाटले. पण निरोगी गाईंना हे इंजेक्शन देऊ नका. ब्युपार्व्हाक्वोन रक्तपेशींतल्या थायलेरिया या परजीवीला मारते; अंगावरच्या गोचिडांना त्याने काहीच होत नाही. ती लसही नव्हे. महागडे औषध वाया जाईल.

त्यापेक्षा बाकीच्या गाईंचा ताप रोज मोजा. १०४ फॅरनहाइटच्या वर गेला किंवा खांद्यापुढची गाठ सुजली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावून रक्त तपासून घ्या. लघवी कॉफीसारखी झाली, तर आजार बहुधा बबेसियाचा. त्याचे औषध वेगळे. ब्युपार्व्हाक्वोनची मात्रा वजनावर ठरते : २० किलोला १ मिली, मानेच्या स्नायूत. म्हणजे ४०० किलोच्या गाईला २० मिली, तेही दोन जागी विभागून. म्हणून स्वतः टोचू नका. इंजेक्शननंतर दूध किती दिवस वापरायचे नाही, हेही डॉक्टरांना विचाराच.

खरे काम गोठ्यात आहे. हायलोमा गोचिडाची मादी भिंतीच्या भेगांत अंडी घालते. भेगा बुजवा, गोचीडनाशक गोठ्यातही फवारा. फवारताना जनावरे बाहेर बांधा, गव्हाण झाका. संकरित वासरांसाठी थायलेरियाची लस असते, तिची चौकशी पशुवैद्यकीय दवाखान्यात जरूर करा.