लिनक्स घ्यावें तें कोणतें ?

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीची नेहमींची डागडुजी थांबविली. पुढची विंडोज ११ बसवावयाची तर यंत्रांत टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय व ठराविक प्रोसेसर असले पाहिजेत, असा त्या कंपनीचा नियम आहे. त्यामुळें ज्यांचें यंत्र अद्याप धडधाकट आहे अशा पुष्कळ घरांत प्रश्न पडला आहे कीं, चालता संगणक टाकून नवा घ्यावा काय? पालक हा प्रश्न आम्हांस विचारतात. विद्यार्थ्यांचें उत्तर मात्र तयार असतें : लिनक्स घाला ! उत्तर चांगलें आहे, पण अर्धें आहे. लिनक्स एक नाहीं, शेंकडों आहेत.

लिनक्स म्हणजे वस्तुतः प्रणालीचा गाभाच काय तो. संगणकवाले त्यास कर्नल म्हणतात. १९९१ सालीं फिनलंड देशांतील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स यानें तो लिहिला, आणि १९९२ पासून, कोणीहि तो चालवावा, वाचावा, बदलावा व दुसऱ्यास द्यावा, अशा परवान्याखालीं खुला केला. हा परवाना अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं सुरू केलेल्या ग्नू या उद्योगांतला होय. गाभ्याभोंवतीं लागणारीं पुष्कळशीं साधनेंहि तेथेंच तयार झालेलीं होतीं. गाभा, साधनें, पडद्यावरील मांडणी व प्रोग्रामांचें कोठार हीं एकत्र बांधून जो संच देतात, त्यास वितरण म्हणण्याची चाल आहे. मिंट, उबुंटू, डेबियन, फेडोरा, आर्च हीं सारीं वितरणेंच. ज्वारी एकच, कोणी तयार भाकरी वाढतो, कोणी पीठ देतो, कोणी दाणे ओंजळींत घालून जातें दाखवितो.

नवशिका मनुष्य या वितरणांचीं चित्रें पाहून निवड करूं लागतो. त्यांत अर्थ नाहीं, कारण पडद्याची मांडणी पुढें केव्हांहि बदलतां येते. पाहावयाचें तें असें कीं, बदल किती दिवसांनीं येतात, आणि आपल्या दारीं येण्यापूर्वीं ते किती काळ पारखलेले असतात. डेबियन हें १९९३ सालीं इयन मर्डॉक यांनीं सुरू केलें. पुढें त्यांची पत्नी झालेल्या डेब्रा यांचें व स्वतःचें नांव जोडून त्यांनीं हें नांव बनविलें. त्याची नवी आवृत्ति सुमारें २ वर्षांनीं निघते, आणि एकदां निघाली कीं तींत सहसा नवें कांहीं घालीत नाहींत, केवळ दोष व सुरक्षेचीं भगदाडें बुजवितात. ही सेवा ५ वर्षें मिळते. २००४ सालीं निघालेलें उबुंटू डेबियनवरच उभारलेलें आहे. त्याची आवृत्ति दर ६ महिन्यांनीं येते, परंतु दर २ वर्षांनीं एप्रिलमध्यें जी दीर्घ मुदतीची आवृत्ति येते तिलाच ५ वर्षांचा सांभाळ असतो. इतरांना ९ महिन्यांचा. घरगुती माणसानें दीर्घ मुदतीचीच घ्यावी. २००६ सालीं निघालेलें मिंट हें उबुंटूच्या या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर बांधतात. फेडोराची प्रत्येक आवृत्ति सुमारें १३ महिने सांभाळली जाते; म्हणजे वर्षाकांठीं एकदां तरी नवी चढविणें आलेंच. आणि २००२ सालच्या आर्चला तर आवृत्तीच नाहीं. तें नदीसारखें वाहतें. नवा प्रोग्राम तयार झाला कीं थोड्याच दिवसांत तो आपल्या यंत्रांत. बदल चढविण्यापूर्वीं त्यांच्या संकेतस्थळावरील सूचना वाचाव्या, एखादी फाईल हातानें दुरुस्त करणें पडल्यास करावी, अशी तेथें वापरणाराकडून उघड अपेक्षा असते.

आतां घरचा विचार करूं. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं संगणक एकच असतो. त्यावरच वडिलांच्या दुकानाचा हिशेब, थोरल्या बहिणीचा कॉलेजांतला प्रबंध, आणि लग्नांचीं व बाप्तिस्म्यांचीं छायाचित्रें. नववींतला मुलगा आर्चचें गुणगान ऐकून येतो, कारण त्याच्या मित्रमंडळांत आर्चवाला तो शूर आणि मिंटवाला तो बाळबोध. एके दिवशीं दुपारीं घरीं कोणी नसतांना तो पेन ड्राइव्ह लावून बसतो. कोणतेंहि वितरण बसवितांना सर्व डिस्क पुसण्याचा पर्याय पुढें येतो. एक कळ दाबली कीं हिशेब, प्रबंध व छायाचित्रें सारींच गेलीं. मुलाच्या कुतूहलास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण शिकणार तो एकटा आणि किंमत देणार घरचीं सारीं, हा व्यवहार बरा नव्हे. लूककृत शुभवर्तमानांतील बुरूज बांधणाराचा दृष्टांत आमच्या मुलांस ठाऊक आहे; त्यानें येथें तो आठवावा.

शूरपणाविषयीं म्हणाल, तर स्वतः टोर्वाल्ड्स यांनीं आपण फेडोरा वापरतों असें अनेकदां सांगितलें आहे. प्रणाली बसविण्यांत दिवस न घालवितां गाभ्याच्या कामास लागतां यावें, हा त्यांचा हेतु. निष्णात मनुष्य अवघड तेंच घेतो, ही समजूत खरी नव्हे.

आमच्या मतें समाईक यंत्रावर मिंट घालावें. यंत्र अशक्त असेल तर त्याचीच एक्सएफसीई नांवाची हलकी मांडणी घ्यावी. २ जीबी रॅमवर तें चालतें, ४ जीबींवर बरें चालतें. त्यांत टाइमशिफ्ट नांवाचा एक प्रोग्राम असतो. प्रणाली बिघडल्यास तो तिला पूर्वींच्या नोंदलेल्या स्थितीवर परत नेतो. मात्र सांगितल्याशिवाय तो आपल्या खासगी फायली जपत नाहीं, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. त्यांची प्रत अगोदरच वेगळ्या डिस्कवर काढावी, व ती खरोखर उघडते कीं नाहीं तें पाहावें.

बसविण्यापूर्वीं पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालवून पाहतां येतें. डिस्कला हात लागत नाहीं. तेवढ्यांत वायफाय, आवाज, प्रिंटर व इनस्क्रिप्ट कळफलकावरील मराठी लेखन हीं तपासून घ्यावीं. वडिलांचा हिशेब टॅलींत असेल तर तें विंडोजसाठींच केलेलें आहे. अशा घरीं आम्ही लिनक्सचा आग्रह धरणार नाहीं, नव्या यंत्राचा खर्च धरूनच चालावें. जेथें पत्रें, कोष्टकें, इंटरनेट व अभ्यास एवढेंच काम, तेथें लिब्रेऑफिस व फायरफॉक्स पुरे होतात. मुंबईच्या आय. आय. टी. च्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमांत लिनक्सवरचे व लिब्रेऑफिसवरचे धडे मराठींतहि आहेत. पालकांनीं ते मुलांबरोबर बसून पाहावे.

आणि तो नववींतला मुलगा? त्याला आर्च अवश्य द्यावें, पण मिंटच्या पोटांत. व्हर्च्युअलबॉक्स नांवाचा प्रोग्राम घातला कीं पडद्यावरील एका खिडकींत दुसरा आभासी संगणक उभा करतां येतो. त्यास २० जीबी जागा द्यावी, आणि आर्चची मार्गदर्शिका वाचीत डिस्कचे भाग पाडणें, गाभा बसविणें, खातें उघडणें हें सर्व त्यानें हातानें करावें. २०२१ पासून आर्चबरोबर आर्चइन्स्टॉल नांवाचें आपोआप बसविणारें साधनहि मिळतें. पहिल्या खेपेस तें वापरूं नये, शिकण्याचा भाग तेवढाच नेमका निघून जातो. मोडलें तर ती खिडकी पुसावी व पुन्हां आरंभ करावा. बहिणीचा प्रबंध जागच्या जागीं राहतो. यासाठीं यंत्रांत ८ जीबी रॅम असावी. ४ जीबींत दोन्ही प्रणाली एकदम चालविल्या तर दोन्हीहि रेंगाळतात.