आजारी कुत्र्यासाठी तीन आठवड्यांचे घर

आमच्या वस्तीतील एका ताईंना गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी भरती व्हायचे होते. सासूबाई लेकीकडे जाणार होत्या. राहिला काळू. त्याला गोचीड ताप निघाला होता. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या २८ दिवसांसाठी लिहून दिल्या होत्या आणि त्यातले सातच दिवस झाले होते. दीर म्हणाला, "नाक्यावर सोडा, जगला तर जगला." पाळलेले जनावर उपाशी मरेल असे वाऱ्यावर सोडणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. ते त्याला सांगितले आणि आम्हीच घर शोधायला निघालो.

पहिली चूक आमची. विहाराशेजारच्या कुटुंबाला आम्ही "जरा अशक्त आहे, तीन आठवडे सांभाळा" एवढेच सांगितले. आजाराचे नाव घेतले तर नाही म्हणतील, ही भीती. दोन दिवसांनी काळूच्या नाकातून रक्त आले. ती माणसे घाबरली आणि रात्री अकराला त्याला आमच्या दारात बांधून गेली. त्यांना काय दोष द्यायचा? या तापात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, नाकातून रक्त येते, पोटावर लाल ठिपके उठतात, हिरड्या पांढऱ्या पडतात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. अशी खूण दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. शिवाय ते गोळी दुधातून देत होते, प्रेमानेच. दुधादह्याबरोबर या गोळीचा असर कमी होतो. ती भाताच्या घासात द्यावी आणि वर पाणी पाजावे, नाहीतर घशात अडकून जखम करते.

दुसऱ्या वेळी सगळे उघड सांगितले. तीन घरांनी नकार दिला. चौथे घर निवृत्त सफाई कामगार काका-काकूंचे. घरात लहान मूल नाही, दुसरा कुत्रा नाही. काकूंचा पहिला प्रश्न, "आम्हाला लागण होईल का?" हा ताप कुत्र्याला हात लावल्याने माणसाला होत नाही, तो गोचिडीच्या चाव्यातून पसरतो. पण कुत्र्याच्या अंगावरून उतरलेली गोचीड भिंतीच्या भेगेत, चौकटीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणून काळूला पाठवण्याआधी डॉक्टरांकडून गोचिडीचे औषध लावून घेतले. अंगाला रॉकेल किंवा फिनेल चोळू नका, चाटले की विषबाधा होते. आणि ताप वाटला म्हणून घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लॅमही देऊ नका. माणसाची ही गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

काळूबरोबर एक वहीचे पान दिले. गोळी किती वाजता, कशातून, कोणती खूण दिसली तर थांबायचे नाही, डॉक्टरांचा फोन, रिक्षाचे पैसे कोण देणार, आणि ताई कोणत्या तारखेला परत नेणार. तारीख नसली की घर देणारा मनातून धास्तावतो, हे आमच्या लक्षात उशिरा आले. गोळ्या मोजून दिल्या. रेबीजच्या लसीचे कार्डही दिले. लस झालेली असली तरी आजारी कुत्रा दुखऱ्या जागी हात लागला की चावू शकतो. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, हळद-चुना-तिखट काही भरू नये आणि लगेच सरकारी दवाखान्यात जावे. तिथे लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात.

मुंबईतल्या वाचकांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल माहीत असेलच. घर मिळेपर्यंत तब्येत बिघडली तर तिथे दाखवता येते.

ताई घरी आल्या तेव्हा गोळ्या संपायला थोडे दिवस उरले होते. पण टाके ओले, ओझे उचलायचे नाही, म्हणून काळू आणखी आठ दिवस काकूंकडेच राहिला. ताईंनी खर्चाचे पैसे पुढे केले. काकांनी ते घेतले नाहीत. डझनभर अंडी मात्र ठेवून घेतली, त्यातली निम्मी काळूच्या पोटात गेली.