भाचीस पत्र : निकाल आणि वजनकाटा

चि. धाकटीस,

तुझे पत्र पावले. अंतिम लढतीत पंचांनी अन्याय केला म्हणून प्रतिस्पर्धी मुलीशी हस्तांदोलन न करताच तू रिंगमधून उतरलीस, हे ज्या अभिमानाने कळवले आहेस तो अभिमान मला रुचला नाही. अन्यायाची तक्रार मात्र मी खोटी मानीत नाही.

२०१४ साली इंचॉनच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ६० किलो वजनगटाच्या उपांत्य लढतीत आपली मुष्टियोद्धा सरिता देवी दक्षिण कोरियाच्या पार्क जी-ना हिच्यापेक्षा सरस ठरली, असे आपल्याकडे सर्वांनाच वाटत असता तिन्ही पंचांनी कौल पार्कच्या पदरात टाकला, त्याविरुद्ध केलेला अर्ज नामंजूर झाला, आणि पदकप्रदानाच्या वेळी रडून रडून डोळे सुजलेल्या सरिताने कांस्यपदक गळ्यात घालू न देता हातात घेतले व ते पार्कच्याच गळ्यात अडकवले. त्या अश्रूंना मी नावे ठेवणार नाही. परंतु तो फैसला पार्कने लिहिला नव्हता; ती पोरही आपल्या परीने जिवाच्या कराराने लढलीच होती. सरिताने पुढे माफी मागितली, तरीही एक वर्षाची बंदी तिच्या वाट्याला आली, आणि ऐन उमेदीतले वर्ष कोणत्याही अर्जाने परत मिळत नाही. यास्तव दाद मागायची ती प्रशिक्षकांमार्फत, मुदतीच्या आत, लेखी. आणि तुझ्या प्रतिस्पर्धी मुलीला आधी भेटून ये.

पंचांहून कडक अंमल वजनकाट्याचा असतो. २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या मुष्टियुद्धास प्रथमच प्रवेश मिळाला, तोही अवघ्या तीन वजनगटांत. त्यांतला सर्वांत हलका ५१ किलोचा असल्यामुळे, ४५ ते ४८ किलोंच्या गटांत पाच वेळा जगज्जेती ठरलेल्या आणि दोन जुळ्या मुलांची आई असलेल्या मेरी कोमला अंगावर वजन चढवून आपल्याहून थोराड मुलींशी झुंजावे लागले. उपांत्य फेरीत ती निकोला ॲडम्सकडून हरली, कांस्यपदक घेऊन परतली, आणि २०१८ मध्ये दिल्लीत पुन्हा ४८ किलोंत उतरून तिने सहावे जगज्जेतेपद मिळवले.

आता तुझे. पाठवलेल्या चित्रफितीत तिसऱ्या फेरीत जॅब मारल्यावर तुझा डावा हात हनुवटीपाशी परतण्याऐवजी कमरेशी लोंबतो आणि नेमके तिथेच तीन ठोसे बसतात. तुझ्या आईच्या सांगण्याप्रमाणे वजन उतरवण्यासाठी आदले दोन दिवस तू पाणीही तोडले होतेस. त्या निर्जळीनंतर दुसरे काय व्हायचे? मला विचारशील तर तू वरच्या गटात जावेस. प्रशिक्षकांचा सल्ला घे, रोज सकाळी उपाशीपोटी वजन करून वहीत टिपून ठेव, आणि महिन्याअखेर ते आकडे मला न चुकता पाठव.

तुझा,
मामा